तारण आणि माउली : वऱ्हाडातील ख्रिस्ती उपासनेच्या दोन मराठी

मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्ती वाङ्मयाचे प्रकरण ठरलेल्या वाटेने जाते. १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', मग श्रीरामपूरचे मुद्रण, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि शेवटी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरते. परंतु या साऱ्या वाङ्मयाचा फार मोठा भाग ज्यासाठी लिहिला गेला, ती गोष्ट या प्रकरणात क्वचितच दिसते. ती गोष्ट म्हणजे उपासना. हे वाङ्मय मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी आणि एकत्र गाण्यासाठी सिद्ध झाले. ते कोणी वाचले, कोणी गायले आणि त्या वाचणाऱ्या-गाणाऱ्या माणसांच्या कानांवर कोणती मराठी पडली, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करावयास हवा होता. प्रस्तुत लेखात तो आम्ही एका आडबाजूच्या जिल्ह्यापासून सुरू करीत आहोत. तो जिल्हा वाशिम.

वाशिमची निवड अकारण नाही. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचणारा राजा सर्वसेन येथला. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो विदर्भातील याच वत्सगुल्मात. १९३९ साली वाशिम येथे द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्याची भाषिक रचना मोठी बोलकी आहे : राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा, आणि दोहोंची कामे वेगळी. रविवारच्या ख्रिस्ती उपासनेतही असाच काहीसा प्रकार घडतो, असे आमचे म्हणणे आहे. तेथे मराठी एकच असली, तरी वाचनाची मराठी निराळी आणि गायनाची निराळी. या दोन मराठी कोठून आल्या आणि वऱ्हाडातील एका लहानशा समाजाच्या हाती एकत्र आल्यावर त्यांचे काय झाले, हा आमचा विषय.

प्रथम मंडळीविषयी थोडेसे. ('मंडळी' हा शब्द येथे मराठी ख्रिस्ती अर्थाने, म्हणजे उपासक-समुदाय या अर्थाने घ्यावा.) वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आला. त्यानंतरच्या काही दशकांत निरनिराळ्या मिशनांनी येथे पाय रोवले. अकोल्यास ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बासिमला मेथडिस्ट एपिस्कोपल, बुलढाण्यास नाझरीन. बासिम हे वाशिमचेच त्या काळच्या कागदपत्रांतील नाव. १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. नाझरीन मंडळीचे लेटन ट्रेसी १९०४ साली बुलढाण्यास आले. पुढे १९३० च्या दशकात बासिमचे मेथडिस्ट कार्यक्षेत्र नाझरीन मंडळीकडे आले. डॉ. ऑर्फा स्पाइकर १९३६ साली भारतात आल्या आणि १९३८ साली वाशिम येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी रुग्णालय सुरू केले. मंडळीच्या परदेशी कार्याचे आद्य संघटक हायरम रेनल्ड्स यांच्या स्मरणार्थ त्याला रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाव मिळाले. जिल्ह्यातील अनेकांना ख्रिस्ती मंडळीची ओळख आहे ती या दवाखान्यामुळे.

नाझरीन ही मेथडिस्ट परंपरेतून निघालेली शाखा. मेथडिस्ट परंपरेचा उगम वेस्ली बंधूंपाशी आणि धाकटे चार्ल्स वेस्ली हे मुख्यतः गीतकार. श्रद्धेची शिकवण गाण्यातून द्यावयाची, ही त्या परंपरेची प्रकृती. या मंडळ्यांत वर्षभराची वाचने आधीच नेमून दिलेली नसतात. पाळक शास्त्रभाग निवडतात आणि त्याला साजेशी गीते घेतली जातात. कॅथॉलिक उपासनेत व्यवस्था निराळी आहे. वाशिम जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) तेथील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. परिषदेनंतर लोकभाषेला स्थान मिळाले आणि १९६९ पासून वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले. म्हणजे एकीकडे पाळकाची निवड, दुसरीकडे पंचांगासारखे ठरलेले वेळापत्रक. पण दोन्हीकडे सर्वसामान्य माणूस दर आठवड्याला दोन गोष्टी करतो : छापील गद्य मोठ्याने वाचलेले ऐकतो आणि पद्य स्वतः गातो. पोथी आणि भजन यांची ही जोडी वऱ्हाडाला नवी नव्हती. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाणारे कारंजा याच जिल्ह्यात आहे आणि तेथे गुरुचरित्राचे पारायण म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही.

आता वाचनाच्या मराठीकडे वळू. मराठी बायबलची घडण एका माणसाची नाही आणि एका गावचीही नाही. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरला १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार छापला गेला. मुंबईत १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली आपला नवा करार काढला. शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले आणि मग सुधारणांची मालिका सुरू झाली. तीत बाबा पदमनजींसारख्या एतद्देशीय लेखकांचा हात लागला. या साऱ्या भाषांतरकारांपुढचा प्रश्न एकच होता : ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांतील कल्पनांना मराठीत शब्द कोठून आणावयाचे? तत्त्वज्ञानाचे शब्द संस्कृतातून आले. पुनरुत्थान, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त यांसारख्या शब्दांवर त्या काळच्या शास्त्रीबुवांची छाया स्पष्ट दिसते. परंतु आमच्या मते अधिक लक्षणीय शब्द दुसऱ्याच ठिकाणाहून आले. ते ठिकाण म्हणजे कचेरी.

मराठी बायबलमधील ही काही नित्याची नावे पाहा. ग्रंथाचे दोन भाग म्हणजे जुना 'करार' आणि नवा 'करार'. देवाने दिलेला वारसा म्हणजे 'वतन'. मुक्तीसाठी दिलेले मोल म्हणजे 'खंडणी'. अभिवचन पुरे होईल याची हमी देणारा म्हणजे 'जामीन'. पुढे मिळावयाच्या वारशापैकी आज हाती आलेला पवित्र आत्मा म्हणजे 'विसार'. येशूभोवती जमणारे तिरस्कृत लोक म्हणजे 'जकातदार', दाखल्यातील धन्याची मालमत्ता सांभाळणारा तो 'कारभारी', अनुभव सांगणे म्हणजे 'साक्ष'. आणि या सर्वांचा गाभा म्हणजे 'तारण'. ही सारी यादी महसूल, न्याय आणि सावकारी यांच्या दफ्तरातली आहे. करार आणि वतन हे शब्द अरबी-फारसीतून मराठेशाहीच्या कारभारात रुळले. खंडणी मुलुखगिरीच्या पत्रव्यवहारातून आली. जमिनीच्या सौद्यात विसार दिल्याखेरीज बोलणी पक्की होत नाहीत, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते.

ही निवड भाषांतरकारांची लहर नव्हती. मूळ ग्रीकमध्येही या कल्पना व्यवहारातूनच आल्या आहेत. ज्याला मराठीत विसार म्हटले, तो 'अर्राबोन' हा ग्रीक शब्द व्यापाऱ्यांचा, सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेल्या रकमेचा. ज्याला खंडणी म्हटले, तो 'लुत्रोन' हा गुलाम वा कैदी सोडविण्यासाठी द्यावयाच्या मोलाचा शब्द. भाषांतरकारांनी बाजारातील शब्दाला बाजारातील शब्द दिला, आणि त्यात त्यांची मराठीची जाण दिसते. पण मराठीत आल्यावर या शब्दांना इथल्या जमिनीचा वास लागला.

'तारण' हा शब्द घेऊ. तारणे म्हणजे वाचविणे, बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे. त्या अर्थाने भाषांतरकारांनी तो योजला. पण व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू : दागिना, जमीन, पीक. १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीनंतर वऱ्हाडातील शेती रोकड पैशाला आणि पर्यायाने कर्जाला बांधली गेली. तेथे हा दुसरा अर्थच घरोघर परिचयाचा झाला. आजही बाजार समित्यांतून शेतमाल तारण कर्ज योजना चालते; सोयाबीन किंवा तूर गोदामात ठेवायची आणि भाव चढेपर्यंत उचल घ्यायची. मोंढ्यात सोमवारी तारण म्हणजे गहाण आणि मंडळीत रविवारी तारण म्हणजे सुटका. हा निव्वळ शब्दच्छल म्हणून सोडून देता येत नाही. ज्याने स्वतःचे काही गहाण टाकले आहे, त्याच्यासमोर सुटकेची कल्पना अमूर्त राहत नाही. ते गहाण सोडवून घेणारा कोणी आहे, ही बातमी त्याला त्याच्या भाषेत कळते. कोशातील दोन अर्थ या ऐकणाऱ्याच्या मनात एकमेकांना स्पष्ट करतात.

'वतन' या शब्दाचे तसे नाही. तो अधिक बोचरा आहे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क, आणि हक्काबरोबर चालत आलेली चाकरी. देशमुख-पाटलांच्या दृष्टीने वतन म्हणजे प्रतिष्ठा. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या दृष्टीने वतन म्हणजे वेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते त्या वेठीतून माणसे सोडविण्यासाठी. मराठी मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे याच गावकुसाबाहेरच्या समाजांतून आलेली. त्यांच्यापुढे इस्राएल लोकांना मिळालेल्या 'वतना'चा अध्याय वाचला जातो, तेव्हा शब्द तोच राहतो आणि त्यातून चाकरी मात्र वजा झालेली असते. मुक्त झालेल्या गुलामांना कोणाची वेठ न करता मिळालेली भूमी, असा वतनाचा अर्थ येथे होतो. मराठीतील एका जड शब्दाचे असे अर्थांतर कोणत्याही कादंबरीने इतक्या सातत्याने, इतक्या लोकांसमोर केलेले आम्हांला आढळलेले नाही.

अर्थात या वाचनाच्या मराठीवर आक्षेपही होते, आणि सर्वांत गंभीर आक्षेप पंडिता रमाबाईंचा. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील, अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही आणि त्यातील काही शब्द जुन्या धार्मिक अर्थांचे ओझे घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या मुली त्यांच्यासमोर होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या होत्या. त्यांच्यासारख्यांना कळावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, एकटीने संपूर्ण बायबलचे भाषांतर केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्यापूर्वी ते पुरे केले. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. बायबलचा संपूर्ण अनुवाद स्वतंत्रपणे करणाऱ्या स्त्रिया जगातही विरळाच. तरीही मंडळ्यांच्या व्यासपीठावर बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली. रमाबाईंचा मुद्दा मात्र संपला नाही. सोसायटीने पुढे सोप्या मराठीतील भाषांतर काढले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

गायनाच्या मराठीची कथा याहून वेगळी आहे. आरंभीची मराठी ख्रिस्ती गीते बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती मूळच्याच चालींवर गायली जात. येथे एक तांत्रिक अडचण होती. इंग्रजी चाल आघातांवर उभी असते आणि मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा लघु-गुरूंच्या मात्रांवर. चालीतील लांब स्वर लघु अक्षरावर आला की 'दिन' गाता गाता 'दीन' होतो आणि 'पिता' ऐकताना 'पीता' वाटतो. अभंगातही गाणारा अक्षरे लांबवतो, हे खरे. पण तेथे चरणाचा तुकडा शब्दाच्या शेवटी पडतो, टाळ त्या तुकड्याला साथ देतो आणि अर्थ जागच्या जागी राहतो. आघाताची चाल शब्दाच्या मध्यावरच ठेचकाळली की गाणाऱ्याला आपण काय म्हणत आहोत तेच उमगत नाही. हार्मोनियम असो वा ऑर्गन, ही अडचण वाद्याने सुटणारी नव्हती.

ती सोडविली नगर भागातील मराठी ख्रिस्ती कवींनी. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी छंद आणि देशी चाली घेतल्या, ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मंडळ्यांत येशूचे आख्यान टाळ-मृदंगावर लागू लागले. या वाटेवर पुढे सर्वांत लांब चालत गेले ते नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). त्यांच्या जीवनाचा एक धागा विदर्भातून गेला आहे. टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, पुढे राजनांदगावला गेले. १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांनी गीतरचनेला हात घातला. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. हा संग्रह मिशनांचे भेद ओलांडून मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत पसरला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या गीतांचा शब्दसंग्रह पाहिला की हे म्हणणे अक्षरशः पटते. तेथे करार नाही, जामीन नाही, विसार नाही. तेथे माउली आहे, सद्गुरू आहे, सखा आहे. चरण, शरण, दास, नाम, भेट, ध्यास आहे.

म्हणजे एकाच उपासनेत अर्ध्या तासाच्या अंतराने दोन मराठी ऐकू येतात. वाचनाची मराठी कचेरीची आणि गायनाची मराठी वारीची. पहिली हक्काची भाषा बोलते : तुझ्याशी करार झाला आहे, तुझ्यासाठी कोणी जामीन राहिला आहे, तुझा वारसा नोंदला गेला आहे. दुसरी जवळिकीची भाषा बोलते : माउलीच्या पदराखाली ये. पहिलीत देव वचनाला बांधलेला आहे. दुसरीत भक्त प्रेमाने बांधला गेला आहे. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथांत या दोन भूमिकांचा मेळ कसा घालावा यावर पुष्कळ लिहिले गेले असेल. वाशिमच्या मंडळीत तो मेळ वाचन आणि गीत यांच्या क्रमाने घातला जातो. शास्त्रभाग संपतो, पेटीवर सूर लागतो आणि हक्काचे बोलणे आर्जवात मिसळून जाते.

येथे जातीचा प्रश्न टाळता येणार नाही. टिळक चित्पावन ब्राह्मण होते. त्यांची गीते गाणारे बहुसंख्य लोक ज्या समाजांतून आले त्यांना पंढरपूरचे मंदिर बंद होते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते उघडले. तेव्हा वारकरी शब्दकळा या गाणाऱ्यांना ब्राह्मण कवीकडून उसनी मिळाली, असे म्हणावे काय? तसे म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही. चोखोबांचे जन्मस्थान परंपरेने मेहुणाराजा मानले जाते आणि ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, वऱ्हाडातच आहे. पायरीशी उभे राहून अभंग रचण्याची परंपरा चौदाव्या शतकापासून याच मातीतल्या माणसांची. टिळकांच्या गीतांतून ती आपल्या मूळ धन्यांकडे दाराच्या आतून परत आली, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल. मात्र त्या गीतांत चोखोबांचा दाहक प्रश्न फारसा ऐकू येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. टिळकांचे आर्जव व्याकूळ आहे, पण ते मंदिराबाहेर ठेवलेल्याचे नाही. ही उणीव गाणाऱ्यांनी आपल्या आवाजाने किती भरून काढली, हे छापील पुस्तकावरून ठरविता येत नाही.

याच प्रदेशाने १९५६ साली दुसरा मार्गही पाहिला. १४ ऑक्टोबरला नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील लाखो लोक बौद्ध झाले. विहारातही वाचन आणि गायन यांची जोडी तयार झाली : वंदना पालीत आणि भीमगीते मराठीत. त्या जोडीत पहिली भाषा दूरची, पवित्र, शिकून घ्यावयाची. दुसरी गल्लीतली, ठसक्याची. ख्रिस्ती आणि बौद्ध या दोन्ही समाजांनी आपल्या उपासनेसाठी दुहेरी भाषाव्यवस्था उभी केली, ही तुलना अभ्यासण्याजोगी आहे. भीमगीतांत कवी आणि गाणारे एकाच वस्तीतले होते. ख्रिस्ती गीते मात्र वऱ्हाडात बव्हंशी बाहेरून, नगरच्या बाजूने आली.

यातूनच आमच्या मनातील मुख्य प्रश्न पुढे येतो. या दोन मराठींत वऱ्हाडी कोठे आहे? 'मले', 'तुले' आणि 'काहून' म्हणणारा माणूस वाचन ऐकतो ते मुंबईच्या मराठीत आणि गातो ते नगरच्या मराठीत. घरी प्रार्थना करताना त्याच्या ओठांवर वऱ्हाडी येत असेल, पण व्यासपीठावर ती येत नाही. गंमत अशी की धर्मग्रंथ बोलभाषेत असावा हा आग्रह मराठीत प्रथम मांडला तो वऱ्हाडानेच. चक्रधरांच्या लीळा त्यांच्याच बोलण्याच्या मराठीत टिपणारे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात ऋद्धिपूरला सिद्ध झाले आणि त्याच परिसरात महदाइसेने धवळे गायले. ज्या भूमीने लोकभाषेतील गद्य पोथी आणि स्त्रीने रचलेले गीत या दोन्ही गोष्टी सातशे वर्षांपूर्वी दिल्या, तिच्या बोलीला आधुनिक छापील उपासनेत जागा मिळू नये, हे आश्चर्य खरे. त्याचे कारण मिशनांच्या अनास्थेत शोधण्यापेक्षा छापखान्यात शोधणे बरे. एकच बायबल आणि एकच गीतसंग्रह सर्व मराठी मुलुखाला पुरवावयाचा, तर बोलींना वगळावेच लागते. पाठ्यपुस्तक मंडळानेही पुढे दुसरे काही केले नाही. लाभ असा झाला की दुष्काळात अनाथ झालेले मूल प्रमाण मराठी वाचू लागले आणि पाळक, शिक्षिका, परिचारिका होण्याची वाट त्याला खुली झाली. हानी अशी की आपल्या बोलीत देवाशी चारचौघांत बोलता येते, हा विश्वास त्याला कोणी दिला नाही. या हिशेबात दोन्ही रकमा मांडल्या पाहिजेत.

आज चित्र पुन्हा बदलत आहे. मराठी मंडळ्यांत, विशेषतः तरुणांच्या मेळाव्यांत, हिंदी आणि इंग्रजी आराधनागीते वाढत आहेत. ड्रम आणि कीबोर्ड आले आहेत, शब्द पडद्यावर उमटतात. याला अधःपतन म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रत्येक पिढीने आपली चाल शोधली आहे आणि सांगळ्यांच्या काळी टाळ-मृदंगही नवलाचाच होता. परंतु या बदलात जी गोष्ट हातची जाण्याचा संभव आहे, ती साहित्याच्या माणसांनी तरी ओळखावी. शंभर वर्षे सामान्य माणसांनी रोजच्या वापरात ठेवलेला असा मराठी काव्यसंग्रह 'उपासना संगीता'खेरीज क्वचितच दाखविता येईल. त्यातील गीते पाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया वऱ्हाडातील खेड्यांतून आहेत. त्या कोणती कडवी गाळतात, कोणता शब्द वऱ्हाडी वळणाने उच्चारतात, कोणती चाल नगरची आणि कोणती इथली, हे कोठेही नोंदलेले नाही. छापील पुस्तकात नसलेली वऱ्हाडी कदाचित तेथेच, उच्चारांत आणि चालींत, शिल्लक असेल.

आम्ही वर्गात टिळक शिकवितो ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. 'वनवासी फूल' आणि 'केवढे हे क्रौर्य' यांच्यापुढे बहुतेक अभ्यासक्रम जात नाहीत. 'अभंगांजली'चे नाव टिपणात येते. मृत्यूमुळे अपुरे राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' एका ओळीत उरकते. जो कवी वर्गात संपतो, तो वर्गापासून चार गल्ल्यांवर दर रविवारी गायला जातो आणि विद्यार्थ्यांना त्याची वार्ता नसते. पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंधासाठी विषय सुचवा, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्यांना आमची सूचना अशी की आपल्या तालुक्यातील मंडळीत जावे, पाळकांची परवानगी घ्यावी, महिनाभर वाचन आणि गीते ऐकावीत, आणि एक साधी तक्ता-वही ठेवावी : डाव्या बाजूस शास्त्रभागातील व्यवहाराचे शब्द, उजव्या बाजूस गीतांतील भक्तीचे शब्द आणि खाली, ऐकू आले तर, वऱ्हाडी. ज्या गावी काव्यपुरुषाचा विवाह लागला असे राजशेखर सांगतो, त्या गावाचा साहित्येतिहास वाकाटकांपाशी थांबवू नये, एवढीच आमची विनंती.